दहा आमेन

स्टेंट पडल्यापासून मोझेसदादांचा धर्म बराच उदार झाला होता.

अकोल्याहून बडनेऱ्याला येताना त्यांनी गाडी तीनदा थांबवली. बोरगावला गोळी घ्यायला, मूर्तिजापूरला नाडी मोजायला, आणि कुरूमच्या पुढे कशासाठीच नाही. नुसतं बाभळीखाली उभं राहून आपण अजून आहोत याची खात्री करून घ्यायला. गाडी त्यांचा मुलगा चालवत होता. ऑक्टोबरपासून त्याला सवय झाली होती. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवताना लोकांना दिसतं की नाही एवढंच मोझेसदादांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचं स्वतःचं हृदय दाखवलं तेव्हा आपल्यालाही बरंच काही दिसत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. बायको गेलेली, वय चौसष्ट. रात्री अंथरुणावर पडलं की ते आपल्या मयतीला कोण कोण येईल याची गिनती करत, आणि ती गिनती दर वेळी आठावर येऊन अडत असे.

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, धाकट्या भावाच्या घरी ते पोचले तेव्हा सकाळचे दहा झाले होते. प्रार्थनेसाठी बोलावलेले ठाण्याचे पाच जण पहाटेच्याच गाडीनं आले होते आणि रूबेनच्या हॉलमध्ये ओळीनं बसून पोहे खात होते. त्यांचे म्होरके घोसाळकरकाका हजान होते, म्हणजे सामुदायिक प्रार्थना तेच चालवायचे. वय बहात्तर. बाकीचे चौघे त्यांच्याच वयाचे आणि त्यांच्याच मताचे.

मोझेसदादांनी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"रूबेन, म्या इचार केला. तुह्या पोट्ट्याईले धरू आपण मोजणीत."

रूबेननं हातातली बशी खाली ठेवली. वर्षभर तो या वाक्याची वाट पाहत होता, आणि आता ते आल्यावर त्याला इतक्या लवकर संपवायचं नव्हतं.

"कोन्या पोट्ट्याईले, दादा?"

"नेथनले अन् योएलले."

"पण त्याईची माय तं हिंदू हाये. माय आपल्यातली नसली तं लेकरू आपल्यातलं नसते. हे कोन म्हणलं होतं? आबाच्या मयतीत, साऱ्या बडनेऱ्यासमोर?"

"तवा माहा अभ्यास कमी होता."

"मंग आता अभ्यास वाढला का स्टेंट?"

ठाण्याच्या पाचही जणांनी पोह्यांकडे पाहिलं.

गेल्या डिसेंबरात आबा गेले, तेव्हाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कोणी ती पुन्हा काढत नव्हतं. आबा म्हणजे दोघा भावांचे वडील शालोम थळकर, रेल्वेचे निवृत्त गार्ड. बडनेऱ्यात आता बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, हे एकच घर उरलेलं. आयुष्यातली बरीचशी वर्षं त्यांनी मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनवर, शकुंतलेच्या शेवटच्या डब्यात काढली. ती गाडी इतकी हळू चालायची की वाटेत उतरून कोणी हरभरा उपटून परत चढत असे. तेवढ्या फुरसतीत त्यांनी एका वहीत हिब्रू भाषेत देवाची एक स्तुती लिहिली. माणसाचं आयुष्य किती थोडं, याबद्दल ती आहे एवढंच घरात माहीत होतं, कारण हिब्रू समजणारी घरात एकटी त्यांची लेक सिपोरा. दोन्ही भावांची समजूत अशी की स्तुती चाळीस कडव्यांची असावी. वही जाड होती.

जाताना आबा एकच सांगून गेले. "माह्या कबरीपाशी ते एकदा वाचा, अन् दहा जणाईनं आमेन म्हणा. बस."

मेलेल्यामागची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय उभी राहत नाही. मोझेसदादा, त्यांचा मुलगा, रूबेन आणि रातोरात ठाण्याहून आलेले पाच. माणसांची अशी थेट मोजणी करू नये म्हणून थळकरांकडे 'एक नाही, दोन नाही' असं मोजतात. त्या दिवशी मोजणी 'आठ नाही'वर थांबली. रूबेनचे दोन मुलगे शेजारीच उभे होते, डोक्यावर टोप्या घालून, आजोबांना खांदा देऊन आलेले. मोझेसदादांनी त्यांच्यावरून बोट पुढे नेलं आणि खाली केलं. मग भाऊ भांडले, माती पडली, आणि स्तुती वहीतच राहिली.

आज वर्ष झालं. हिब्रू तिथीनं वर्ष नेमकं शुक्रवारी आलं होतं. म्हणजे जे काही करायचं ते दिवस मावळायच्या आत; मावळला की शब्बाथ. कबरस्तानात थांबायचं नाही, लिहायचं नाही, गाडीत बसायचं नाही. आणि हे आज झालं नाही तर पुढे होणार नव्हतं. योएल जानेवारीत जर्मनीला चालला होता, आणि ठाण्याचे पाचही जण पुढच्या डिसेंबरात पाचच असतील असं त्यांच्याकडे पाहून कोणी म्हटलं नसतं.

"हजानसाहेब, तुमीच सांगा," मोझेसदादा म्हणाले. "धरता येते का नाही?"

घोसाळकरकाकांनी रुमालानं तोंड पुसलं. "दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. ठाण्यात आम्ही धरत नाही. पण बडनेऱ्यात... आता बडनेऱ्यात कोण पाहायला येतंय?"

"देव?" रूबेन म्हणाला.

"तो तर आहेच," काका घाईनं म्हणाले. "जेवण झालं की शांतपणे बोलू."

रूबेनला मजा येत होती, हे खरंच होतं. तो विमा एजंट. लोकांना मरणाची आठवण करून देणं हा त्याचा रोजचा धंदा, आणि त्यात तो वाकबगार होता. सिपोराताईकडून एकदा त्यानं आबांच्या स्तुतीतल्या पहिल्या ओळीचा अर्थ विचारून घेतला आणि तो कॅलेंडरवर छापला होता: 'प्रभो, तू कायमचं स्टेशन, आम्ही दोन मिनिटांचा थांबा.' खाली लाल अक्षरांत: 'थांबा सुटण्यापूर्वी भेटा, रूबेन थळकर.' अमरावतीत अर्ध्या दुकानांत ते कॅलेंडर लागलं होतं. आबांनी ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि "कागद चांगला हाये" एवढंच म्हणाले. ते आठवलं की रूबेनला अजून कसंसंच व्हायचं. पण दादांसमोर त्याला हे वर्षभराचं देणं वसूल करायचं होतं.

"नियम म्हणजे नियम, दादा," तो म्हणाला. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं त्यानं एकही नियम पाळला नव्हता. "उद्या लोकं म्हणतीन, थळकराईनं सोयीनं धर्म बदलला."

"लोकं कायचे! सात कबरी अन् एक घर, कोनते लोकं?"

"तुमी तवा म्हणे का, धर्म म्हणजे काही चष्मा नाही, नंबर बदलला का काच बदलायले."

"म्हणलो असीन."

"म्हणलेच."

मोझेसदादा खुर्चीत बसले. त्यांचा आवाज उतरला. "रूबेन, लेका, मले बी दहा लागतीन ना रे."

एवढा मोठा नियम एवढ्या लहान कारणासाठी वाकत होता, हे सगळ्यांनाच दिसलं, आणि ज्याच्यासाठी वाकत होता त्याला लाजही वाटत नव्हती. घाबरलेल्या माणसाला लाज परवडत नाही. रूबेनला त्याच क्षणी हो म्हणावंसं वाटलं. पण शब्द तोंडात जमले तोवर मोठा मुलगा नेथन दारातून म्हणाला:

"मोठेबाबा, बाबांना काय विचारता? आम्ही आई म्हणेल तसं करू."

मग सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्या दाराकडे कोणी मत विचारायला पाहिलं नव्हतं.

आत सीमा मलिद्याची परात घेऊन बसली होती. भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेलं खोबरं, वेलची. वर ठेवायला केळी, संत्री, खजूर. सीमा चांदूर बाजारच्या शेतकऱ्याची लेक. मलिदा तिला सासूनं शिकवला, आणि ठाण्याचे लोकसुद्धा कबूल करायचे की असा हात आता आपल्यात कुणाचा राहिला नाही. मुलं धर्मात बसत नव्हती, मलिदा बसत होता.

तिच्यासमोर सिपोराताई संत्री पुसत होती. अमरावतीच्या शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, बासष्ट वर्षांची नणंद. आबांनी लहानपणी तिला हिब्रू अक्षरं शिकवली, तीही भाऊ कंटाळून उठले म्हणून. वही तिच्या पर्समध्ये होती. वर्षभर ती वही उशाशी घेऊन झोपत होती. आबांनी तिच्याकडे आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि ती तिच्याच्यानं झाली नव्हती.

"सीमा, तुह्या हातात हाये आता," ती म्हणाली. "पाठव ना पोराईले."

"पाठवतो ताई," सीमा खोबरं कालवत म्हणाली. "एक इचारू?"

"इचार."

"तवा भाऊजीनं बोट खाली केलं ना, मी बायाईत भितीपाशी उभी होती. मी म्हणलं, आता ताई बोलतीन. तुमी शिकलेल्या, तुमाले सारं येते. माहे पोरं आबाच्या मांडीवर पुस्तकातले ते अक्षरं गिरवून मोठे झाले हे तुमाले ठाव होतं. तुमी काहून नाही बोलल्या?"

सिपोराताईच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. काही उत्तरं तिनं तयार ठेवली होती: धक्का बसला होता, सुचलं नाही, मोठ्या भावापुढे कसं बोलावं. वर्षभर ती स्वतःलाच यातलं एकेक सांगत आली होती. पण सीमा परातीतून वर पाहतच नव्हती, आणि अशा माणसापुढे खोटं बोलणं अवघड जातं.

"दहा झाले असते ना," ती म्हणाली, "तं हजानानं वही मागितली असती. नियमानं त्यानंच वाचलं असतं. मी तिकडे भितीपाशी, तुह्याजवळ. आठच राहिले तं मंग घरच्या घरी कोनीतरी वाचन, असं मले वाटलं. अन् घरात अर्थासकट मलेच येते."

"म्हणून माहे पोरं मोजणीतून गेले."

"हो."

"अन् वाचलं बी कोनी नाही."

"नाही."

सीमानं हात धुतले. ती रागावली असती तर सिपोराताईला बरं वाटलं असतं. ती फक्त थकल्यासारखी दिसत होती.

"हे कबरीपाशी सांगसान का? साऱ्याईपुढे? पोराईले कळलं पाहिजे का त्याईच्यात खोट नव्हती."

सिपोराताई तेच संत्रं पुन्हा पुसू लागली. मुख्याध्यापिका म्हणून तीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या चुका माइकवरून सांगितल्या होत्या.

जेवणं झाली. घोसाळकरकाका शांतपणे बोलणार होते, ते शांतपणे झोपले. मग चहा झाला. मग कबरीवरच्या दगडावर आबांच्या नावाआधी 'कैलासवासी' घालावं, असं गेल्या महिन्यात एका नातेवाइकानं फोनवर सुचवल्याचं निघालं, आणि त्यावर दोन्ही भाऊ प्रथमच एकमतानं हसले. मग ते का हसले यावरून पुन्हा वाद झाला. असे वाद थळकरांना वेळ असला की होतातच, आणि वेळ नसला की जास्त होतात. सगळे चालत कबरस्तानात पोचले तेव्हा सव्वापाच वाजले होते. सूर्य तुरीच्या शेतावर टेकत आला होता.

राखण करणारे अब्दुल सत्तार फाटकाशी कधीचे उभे होते. दगडही त्यांनीच घडवला होता. हिब्रू अक्षरांचा त्यांना त्रास झाला नाही. उर्दूसारखंच उजवीकडून कोरायचं, एवढं कळल्यावर बाकीचं त्यांनी नमुना पाहून केलं.

"दादा, जल्दी करो," ते म्हणाले. "पंधरा-वीस मिनट है. फिर आपकाच टाइम लग जाता ना?"

कापड काढलं. साधा काळा दगड. नाव, दोन तारखा. बायका भिंतीपाशी, पुरुष दगडापाशी. घोसाळकरकाकांनी पुस्तक काढलं. मोझेसदादांनी बोट वर केलं.

"एक नाही, दोन नाही..."

ते आठांपर्यंत आले. नेथन आणि योएल कुणाच्याच बाजूला नव्हते. भिंत आणि दगड यांच्या बरोबर मध्ये उभे होते. सगळे सीमाकडे पाहू लागले. सीमा सिपोराताईकडे पाहत होती.

सिपोराताई पुढे आली. तिनं ठरवलेलं भाषण सगळं उलटसुलट झालं.

"गेल्या वर्षी दादा चुकले," ती म्हणाली. "पण दादाईले ठाव नव्हतं. मले ठाव होतं. आबानं ह्या पोराईले सारं शिकवलं होतं, तोरा, आपला धर्मग्रंथ, त्याईच्याकडून वाचून घेतला होता, गच्चीवर, ह्याच हजानसाहेबाईसमोर. मी बोलली असती तं दादाईनं ऐकलं असतं. मी गप बसली. मले वाटलं, आठ राहिले तं आबाचं मलेच वाचाले भेटन. बापाच्या मयतीत मी स्वतःची सोय पाहिली. पोरांनो, तुमच्यात काही कमी नव्हतं. कमी माह्यात होतं."

एवढं बोलून ती परत भिंतीकडे निघाली. रूबेननं तिला धरलं. त्यानं तिला असं कधी धरलं नव्हतं, त्यामुळे पकड जरा जोरातच बसली.

गच्चीवर आपणही होतो, ही आठवण काढल्याबद्दल घोसाळकरकाका नाराज दिसले.

सीमानं मुलांना मानेनं खूण केली. नेथन पुढे आला, योएल पुढे आला. मोझेसदादांनी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. "नऊ नाही," ते म्हणाले, आणि मग, इतक्या मोठ्यानं की सत्तारभाईंनी वळून पाहिलं, "दहा नाही!"

दहा झाले.

"वही द्या," काका म्हणाले.

सिपोराताईनं पर्स उघडली आणि वही दिली. नियम होता, आणि आता तिला हक्क सांगायला तोंड नव्हतं. काकांनी वही उघडली. जवळ धरली, लांब धरली. चष्मा काढला, पुसला, घातला. मोझेसदादांनी सवयीनं पुढे होऊन तो नीट बसवून दिला.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

आबांनी ते धावत्या डब्यात लिहिलं होतं. अक्षरं रुळांच्या सांध्यावर उडालेली, वळणावर लोळलेली, थांब्यावर तेवढी सरळ. सिपोरा त्याच अक्षरावरून अक्षर शिकलेली, म्हणून तिला ती वाचता यायची. दुसऱ्या कुणाला छापील हिब्रू कितीही येवो, हे वाचता आलंच नसतं. गेल्या वर्षीही नसतं आलं.

"मला काही हे लागत नाही," काकांनी वही परत केली. "तूच वाच बाई. आम्ही आमेन म्हणतो. लवकर."

सिपोराताईला हे समजायला जरा वेळ लागला. गेल्या वर्षी ती एक शब्द बोलली असती, मुलं उभी राहिली असती, तरी वही फिरून तिच्याच हातात आली असती. जे तिनं दोन मुलांचा अपमान करून मिळवू पाहिलं ते तिचंच होतं. तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतकं रडू आलं की ती वाचायला लागली ते गाळातून चालल्यासारखं. एकेक ओळ हिब्रूत, मग मराठीत.

"प्रभो, तू कायमचं स्टेशन, आम्ही दोन मिनिटांचा थांबा."

"आमेन," दहा जण म्हणाले.

"तू शिट्टी दिलीस, आम्ही आलो."

"आमेन."

"तू हिरवी दाखवलीस, आम्ही निघालो. सामान फलाटावरच राहिलं."

"आमेन."

पुढची ओळ तिच्याच्यानं निघेना. अक्षरं डोळ्यांत पाणी होऊन गेली होती. सत्तारभाईंनी पश्चिमेकडे पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मोझेसदादा हळूच म्हणाले, "सिपू, अजून किती कडवे हायेत?"

तेव्हा भिंतीपाशी कोणीतरी हिब्रूत बोललं.

सीमा होती. चांदूर बाजारच्या हेलात, पदर खोचून, परात कमरेवर घेऊन तिनं ती ओळ सरळ म्हणून टाकली, एकही अक्षर न सांडता.

"आमेन," सगळ्यांच्या आधी काकाच म्हणून गेले. मग उरलेले नऊ.

"झालं," सिपोराताई म्हणाली. "शेवटचीच होती."

"संपलं?" मोझेसदादांनी विचारलं. "चारच ओळी? साऱ्या वहीत?"

"बाकीच्या पानांवर गाडीच्या वेळा हायेत."

रूबेननं भावाकडे पाहिलं. सव्वा मिनिटाच्या मजकुरासाठी ते वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते.

"तुले कसं येते?" सिपोराताईनं सीमाला विचारलं. आणि विचारतानाच तिला मत्सर वाटला, भर कबरीपाशी, साफ मत्सर. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की हे आपल्या एकटीचं आहे.

"आबा पायटी चारले उठले का माह्या चुलीपाशी बसत अन् चहा होवोस्तोर तेच म्हणत. सत्तावीस वर्सं. येणार नाही तं काय होईन?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"इचारलं कोनं?" सीमा म्हणाली. मग जरा थांबून, "ताई, त्या ओळीचा अर्थ काय व? मले कधी कळला नाही. त्या ओळीले आले का आबा माह्याकडे पाहत."

सिपोराताईनं डोळे पुसले. तिचा मत्सर गेला नाही, पण त्याच्यासाठी जागा उरली नाही.

"मधल्या दोन मिनिटांत कोणी कोणाला पाणी दिलं असेल, तर तेवढंच लिहून घे."

सीमानं परात खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. तिच्याजवळ जाऊन उभं राहायला सिपोराताईला चार पावलं लागली, आणि ती तिनं टाकली.

सूर्य बुडाला. सत्तारभाईंनी फाटक लोटलं. सगळे पायीच परत निघाले. गाडीत बसता येत नव्हतं, आणि मोझेसदादांना आज अकोल्याला जाताही येणार नव्हतं. ते मुद्दाम मागे राहिले, सीमाच्या बरोबरीनं चालू लागले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ते दोनदा खाकरले.

"सीमा, गेल्या वर्षीचं..."

"राहू द्या, भाऊजी."

"नाही, माहं चुकलं. लय चुकलं." ते आणखी थोडं चालले. "मले पाठ करून घ्याचं हाये ते. चारच ओळी तं हायेत. पायटी चारले तुह्या चुलीपाशी बसलो तं चालन का? उद्या?"

"बसा ना."

"मले उठवजो मातर. गोळीनं झोप लय लागते. नक्की उठवशीन ना?"

"मी हाक मारीन भाऊजी," सीमा म्हणाली. "उठाचं तुमचं तुमी पाहा."